मापात पाप

लबाडीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. थाप, बतावणी, फसवणूक, लुबाडणूक असे कितीतरी शब्द आपण रोजच्या व्यवहारात वापरतो. 'पाप' हा जड शब्द मात्र आपण सहजासहजी तोंडातून काढत नाही. मापाच्या बाबतीत तो आपल्या पूर्वजांनी बेलाशक वापरला. 'मापात पाप' हे दोन शब्द आजही खेड्यातल्या कोणाही माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत.

मापातल्या लबाडीलाच हा शब्द का चिकटला असावा? कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजार समितीच्या आवारात घटकाभर उभे राहिले की उत्तर मिळते. व्यापारी म्हणतो, "कापसात ओल आहे." शेतकरी म्हणतो, "हात घालून बघा की!" भावावरून हुज्जत होते, शब्दाला शब्द लागतो. दोन्ही बाजू थोडे वाढवून सांगणारच, हे दोघांनाही ठाऊक असते. परंतु गाडी काट्यावर चढली की दोघेही गप्प होतात आणि आकड्याकडे पाहू लागतात. बोलण्यातील खोटेपणाला बोलून उत्तर देता येते. पण ज्याच्यावर दोघांनी मिळून विश्वास टाकला तो काटाच कोणी मारला, तर दाद मागायची कोणाकडे? खोटे बोलणारा एका माणसाला फसवतो. काटा मारणारा माणसामाणसांतील व्यवहाराचा आधारच काढून घेतो. म्हणून ते पाप.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत आपल्या हाती आलेला एक नवा काटा. तो कापूस मोजत नाही, लोकांचे मन मोजतो. मोबाइलवर बातमी वाचून झाली की तिच्याखाली वाचकांच्या प्रतिक्रिया असतात आणि प्रत्येक प्रतिक्रियेपाशी वर किंवा खाली वळलेला अंगठा. किती जणांना ती पटली, किती जणांना नाही, याचा आकडा शेजारी दिसतो. बहुतेक ठिकाणी ज्या प्रतिक्रियेला अंगठे अधिक, ती आपोआप वर चढते आणि आधी वाचली जाते. आपल्यापैकी अनेकजण बातमी अर्धवट सोडून आधी तिथेच जातात, असा माझा अनुभव आहे. बातमीत काय घडले ते कळते. खाली 'लोक काय म्हणतात' ते कळते. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांच्या धाकात ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्याला या आकड्याचे आकर्षण वाटावे यात नवल नाही.

प्रश्न एवढाच आहे की हे 'लोक' म्हणजे नक्की कोण?

हैदराबादला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी पोळ्याला गावी आला होता. त्याला मी हे विचारले. तो म्हणाला, "सर, फार अवघड नाही. एकाच माणसाने पुष्कळ खाती उघडायची आणि ती एका प्रोग्रॅमच्या हवाली करायची. प्रोग्रॅम एका खात्याने आत शिरतो, ठरवून दिलेल्या प्रतिक्रियेवर अंगठा उमटवतो आणि बाहेर पडतो. मग दुसऱ्या खात्याने शिरतो. संशय येऊ नये म्हणून मध्येच थांबतो, आपला इंटरनेटचा पत्ता बदलतो. माणूस तिकडे झोपलेला असला तरी चालते."

त्याचे बोलणे ऐकताना मला आमच्या आजोबांच्या पिढीचा अंगठा आठवला. सही न येणारा माणूस निळ्या शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवायचा. लोक त्याला अंगठेबहाद्दर म्हणून हसत, परंतु त्या ठशामागे एक अख्खा माणूस उभा असे. सहीची नक्कल करता येते, दुसऱ्याचा अंगठा सहजी उसना आणता येत नाही. आज अंगठा तोच आहे; फक्त त्याच्यामागे हात असेलच, याची खात्री राहिलेली नाही.

कोणाला वाटेल की ही शंकेखोर मास्तरची कल्पना आहे. म्हणून एक न्यायालयात सिद्ध झालेले उदाहरण सांगतो. दक्षिण कोरियात नेव्हर या संकेतस्थळावर असंख्य लोक रोजच्या बातम्या वाचतात. जानेवारी २०१८ मध्ये, प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी उत्तर आणि दक्षिण कोरियाचा महिलांचा संयुक्त आइस हॉकी संघ उतरवण्याची चर्चा सुरू होती. त्या बातमीखालच्या सरकारवर टीका करणाऱ्या प्रतिक्रियांवरील पसंतीचे आकडे विलक्षण वेगाने चढू लागले. हे विरोधकांचे काम असावे अशा समजुतीने सत्ताधारी पक्षाच्या बाजूनेच तक्रार झाली. तपासात हाती लागला तो 'ड्रूकिंग' या टोपणनावाने लिहिणारा किम डोंग-वॉन नावाचा ब्लॉगलेखक, आणि तो निघाला त्याच सत्ताधारी पक्षाचा सदस्य! त्याच्या गटाने 'किंगक्रॅब' नावाचा प्रोग्रॅम बनवला होता. आधी २०१७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या काळात त्यांनी तो आपल्या पक्षाच्या बाजूने चालवला. पुढे आपल्या माणसाला हवे ते पद मिळाले नाही म्हणून तोच प्रोग्रॅम सरकारच्या विरोधात फिरवला. एकूण खोट्या पसंती-नापसंतींची संख्या आठ कोटींहून अधिक भरली. या गटाशी संगनमत केल्याबद्दल दक्षिण ग्योंगसांग प्रांताचे गव्हर्नर किम क्यूंग-सू यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी आरोप सातत्याने नाकारले, तरी जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि त्यांचे पद गेले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये उरलेली शिक्षा माफ झाली, हेही नोंदवले पाहिजे.

या प्रकरणातील एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आज स्तुतीचे पारडे जड करणारा हात उद्या निंदेचे पारडे जड करू लागला, आणि त्यासाठी काट्यात काहीही बदल करावा लागला नाही. काट्याला हात घालायची सवय एकदा लागली की माल कोणाचा, हा प्रश्न गौण होतो.

आपल्याकडेही हा बाजार आहे. एका पार्श्वगायिकेला आपल्या नावाचे खोटे खाते आढळले. तिच्या तक्रारीवरून जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका विशीतल्या तरुणाला अटक केली. खोटे अनुयायी, खोट्या पसंती आणि खोट्या प्रतिक्रिया पैसे घेऊन पुरवणाऱ्या धंद्याचा तो तपास होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इंटरनेटवरील ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी मानक जाहीर केले, तेही विकतच्या अभिप्रायांचा उपद्रव वाढल्यामुळेच. ते लागू झाले तेव्हा ऐच्छिक होते.

आता कोणी म्हणेल, "खोटे अंगठे असतील, असोत! शहाणा माणूस थोडाच आकड्यावर आपले मत ठरवतो?" मलाही असे म्हणायला आवडले असते. परंतु लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या तीन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपला हा अभिमान उतरवतो. बातम्यांची चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच महिन्यांत आलेल्या १,०१,२८१ प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या. काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक पसंती देऊन टाकली. काहींना एक नापसंती. बाकीच्या तशाच ठेवल्या. अवघ्या एका खोट्या पसंतीने पुढच्या वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. खोट्या नापसंतीला मात्र पुढच्या वाचकांनी बऱ्याच अंशी भरून काढले. म्हणजे कोणावर अन्याय झालेला दिसला तर आपण सावरतो, पण कोणाची फुकटची वाहवा झालेली दिसली तर तिच्यात आपलाही सूर मिसळतो. पहिला अंगठा खोटा असतो. त्यामागून उमटलेले खरे असतात. त्यामुळे खरे कुठे संपले आणि खोटे कुठे सुरू झाले, हे अंगठा देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

येथवर हकिगत झाली. आता खरा नैतिक प्रश्न. आमच्या शिक्षककक्षात तो एका तरुण सहकाऱ्याने मांडला, आणि चांगला मांडला. ते म्हणाले, "सर, समजा माझे मत खरे आहे. मुलींना शिकू द्यावे, हुंडा घेऊ नये, असे ते मत आहे. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी खोटे अंगठे उभे केले आहेत. मग मी सत्याच्या बाजूला शंभर अंगठे टाकले तर कोणते पाप केले? मी एकही खोटे वाक्य बोललो नाही."

या युक्तिवादाला घाईने उत्तर देणे बरे नव्हे. त्यात एक गोष्ट खरीच आहे: वाक्य खोटे नाही. पण अंगठा त्या वाक्याबद्दल बोलतच नाही. 'हुंडा वाईट' हे वाक्य एकाने म्हटले काय आणि लाखाने म्हटले काय, तेवढेच खरे राहते. आकड्याने त्याच्या सत्यात गुंजभरही भर पडत नाही. तुकोबांनी बहुमतापेक्षा स्वतःच्या मनाची साक्ष थोर मानली, ती याच कारणाने. मग आकडा सांगतो काय? तो सांगतो ते आपल्या शेजाऱ्यांबद्दल: इतक्या माणसांनी हे वाचले, त्यांना ते पटले. म्हणजे माझ्या सहकाऱ्यांनी शंभर अंगठे टाकले, तर ते हुंड्याबद्दल खोटे बोलले नाहीत, शंभर माणसांबद्दल खोटे बोलले. जी साक्ष त्या माणसांनी दिलीच नाही, ती त्यांच्या नावावर खपवली. सत्याची बाजू घेऊन दिली म्हणून खोटी साक्ष खरी होत नाही.

आणि तोटा पहिला त्या सत्यालाच होतो. गावात हुंड्याविरुद्ध वीसच माणसे असतील, तर 'आपण वीसच आहोत' हे त्या विसांना कळायला हवे. कळले तर ते घरोघर जातील, बोलतील, एकविसावा माणूस मिळवतील. पडद्यावर दोन हजार दिसले की ते समाधानाने झोपी जातील. ज्याला समाज बदलायचा आहे त्याला समाज आहे तसा दिसणे आवश्यक असते. खोटा ताप दाखवणाऱ्या थर्मामीटरने रोगी बरा होत नाही. खोटी प्रकृती दाखवणाऱ्यानेही होत नाही.

यावर दुसरी शंका निघते. सभेला ट्रकमधून माणसे आणणे, पाठिंब्याच्या पत्रांवर घाऊक सह्या घेणे, हे तर जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत भाडोत्री टाळकरी बसवले जात. कोणी हसायचे, कोणी रडायचे, कोणी 'वन्स मोअर' मागायचा, हे आधी वाटून दिलेले असे. मग या अंगठ्यात नवे ते काय? माझ्या मते फरक आहे. ट्रकमधून आलेला माणूस निदान माणूस असतो. त्याला भूक लागते, ऊन लागते, भाषण ऐकता ऐकता त्याचे मत फिरू शकते, संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला सांगतोही की, "पैसे दिले म्हणून गेलो होतो." भाड्याच्या गर्दीलाही तोंड असते आणि त्या तोंडातून सत्य गळू शकते. प्रोग्रॅमच्या गर्दीला तोंडच नसते. आणि पक्षाने सांगितले म्हणून स्वतःच्या एका खात्यावरून अंगठा देणारा माणूस? तो विचाराचा आळस करतो, हे मान्य. पण त्याने माप खोटे केले असे मी म्हणणार नाही. तो एक आहे आणि एकच मोजला गेला.

'एक माणूस, एक मत' हे तत्त्व आपल्या सीमेवर किती नाजूक आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. केरामेरी मंडल आणि जिवती तालुका यांच्या दरम्यानची परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर ही गावे आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या अंगणातली. दोन्ही राज्यांनी ती वर्षानुवर्षे आपली म्हणून मोजली. तेथील पुष्कळ लोकांकडे दोन रेशनकार्डे आणि दोन मतदार ओळखपत्रे आली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला झाले आणि आदिलाबादचे १३ मे रोजी. एकाच माणसाचे नाव दोन मतदारसंघांच्या याद्यांत असू नये, असे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. पण तिथला दोष मला त्या गावकऱ्यांचा वाटत नाही. सीमेचा निकाल न लावणाऱ्यांचा वाटतो. शिवाय तो घोळ उघड्यावरचा आहे. माणसाचे नाव, गाव, शेत सर्वांना माहीत. यादी कोणालाही पाहता येते. मतदान केंद्रावर बोटाला शाई लागते. म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी ती शाई १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीत मुरते आणि साबणाने जात नाही. शाई लावायला बोट लागते. ज्या अंगठ्याला बोटच नाही, त्याला शाई कोठे लावणार?

आणि येथे आपल्यासारख्या द्विभाषिक जिल्ह्यातील कुटुंबांचा विशेष संबंध येतो. आपल्या घरांत मराठी आणि तेलुगू दोन्ही बातम्या वाचल्या जातात. आमच्या दहावीच्या वर्गातील एका मुलाने एकदा मला मोबाइल दाखवला. शेजारच्या राज्यातील भाषावादाची बातमी होती आणि खाली मराठी माणसांविषयी एक घाणेरडी प्रतिक्रिया होती. तिला दोन हजारांहून अधिक अंगठे. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "सर, ते लोक आपल्याला असे समजतात का?" त्याच्या बाकावर त्याचा जिवलग मित्र बसलेला होता, आणि तो मित्र 'त्या लोकां'पैकीच होता. मी त्याला म्हटले, "या दोन हजारांपैकी तू किती जणांना ओळखतोस?" "एकालाही नाही." "आणि नावानिशी ओळखतोस अशी तेलुगू माणसे किती?" तो बोटे मोजू लागला. दुधवाले अण्णा, दवाखान्यातल्या सिस्टर, क्रिकेटचा कप्तान, शेजारच्या अम्मा... चाळीसच्या पुढे गेला. "त्यांतले किती असे बोलतील?" तो थांबला आणि मग मित्राकडे पाहून हसला.

ते दोन हजार अंगठे खरे होते की खोटे, हे ठरवण्याचे साधन ना त्याच्यापाशी होते ना माझ्यापाशी. आणि हेच त्या पापाचे खरे फळ आहे. खोट्या आकड्याने एक खोटी बातमी पसरते, एवढ्यावर ते थांबत नाही. शेजाऱ्याचे मन जाणून घेण्याची वाटच ते गढूळ करते. जो तिरस्कार अस्तित्वातच नव्हता, तो आहे असे दाखवले की प्रत्युत्तरादाखल तो निर्माण होतो. इतरत्र यामुळे एखादी निवडणूक बिघडत असेल. आपल्याकडे एक बाक दोन मुलांत वाटला जाईल.

कोरियातील खटल्यात कायद्याने गुन्हा ठरवला तो संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीच्या कामात संगणकाद्वारे अडथळा आणल्याचा. कायद्याला हाताशी असलेले कलम वापरावे लागते, त्याला इलाज नाही. पुढे त्या कंपनीने एका खात्याला दिवसाला ५० पसंतींची मर्यादाही घातली. परंतु काटा मारला तर नुकसान काट्याच्या मालकाचे होते की गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे? लुबाडला गेला तो वाचक. त्याच्या शेजाऱ्यांविषयीचे त्याचे ज्ञान चोरीला गेले, आणि त्याची फिर्याद तो कोणत्या ठाण्यात देणार?

कायदे होतील, यंत्रे सुधारतील आणि खोटी खाती पकडणाऱ्या प्रोग्रॅमना चकवणारे प्रोग्रॅमही निघतील. तोवर घरापुरते काही करता येते. बातमी वाचली की खाली उतरण्यापूर्वी आपले मत मनाशी एका वाक्यात मांडावे. मग आकडा पाहावा. क्रम एवढा बदलला तरी आकड्याचा जोर पुष्कळ कमी होतो. मुलांना गणितात आपण विचारतो, "उत्तर कसे आले ते दाखव." तसेच आकडा दिसला की विचारायला शिकवावे, "हे कोणी मोजले, आणि कोणाला मोजले?" एका भाषेत संताप दिसला तर तीच बातमी दुसऱ्या भाषेत वाचावी, ती सोय आपल्याइतकी फार थोड्यांना आहे. आणि शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे खरोखरच जाणून घ्यायचे असेल, तर त्याचे दार वाजवावे.

आपल्या जिल्ह्याला याची जुनी सवय आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा सुरू होते आणि जत्रेत दरबार भरतो. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी पाठवले आणि त्याच दशकात या दरबाराचा पायंडा पडला. जंगलातून चालत आलेला माणूस अधिकाऱ्यांसमोर उभा राहतो आणि आपले गाऱ्हाणे आपल्या तोंडाने सांगतो. तिथे गाऱ्हाण्यांची दाद नेहमी लागतेच असे नाही. पण तिथे जितके आवाज ऐकू येतात, तितकी माणसे आलेली असतात.